मंडळीपासून दूर राहणाऱ्याने संगतीचे काय करावे?

बालाघाट (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त. बदली झाल्यापासून मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी शिक्षक म्हणून राहतो आहे. गावात ख्रिस्ती घर नाही. जवळची मंडळी (चर्च) जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. रविवारी सकाळची एसटी धरली तरी पोहोचेपर्यंत अर्धी उपासना झालेली असते, आणि दुपारची परतीची गाडी चुकली तर मुक्काम करावा लागतो. त्यामुळे जाणे हळूहळू कमी होत गेले.

शास्त्रवाचन मात्र सुटलेले नाही. पहाटे उठून वाचतो, प्रार्थना करतो, आणि प्रवचने मोबाईलवर ऐकतो. त्यातली काही तर आमच्या पाळकांच्या प्रवचनांपेक्षा सरस असतात (हे इथल्या इथेच राहू द्यावे). तरीही एक फरक मला जाणवू लागला आहे. मंडळीत होतो तेव्हा कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलीची सोयरीक, कोणाची गेलेली नोकरी, अशी इतरांची नावे प्रार्थनेत आपोआप येत असत. आता आईचे गुडघे, माझी बदली आणि मुलाची बारावी एवढे झाले की प्रार्थना संपते. देवापासून मी दूर गेलो आहे असे मला वाटत नाही, पण माझ्या प्रार्थनेतली माणसे कमी झाली आहेत, हे खरे आहे.

म्हणून विचारतो. विश्वासणाऱ्यांची संगत आत्मिक जीवनाला मुळातच लागते, की ती एक चांगली पण सोयीनुसार घ्यायची गोष्ट आहे? 'मंडळीत यायलाच हवे' एवढे उत्तर मला ठाऊक आहे. ते का, हे कोणी नीट मांडले तर बरे होईल.

जुना जालनेकर

गुरुजी, प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय उघडा आणि बेचाळिसावे वचन पाहा. पहिली मंडळी चार गोष्टींत तत्पर होती, असे तेथे लिहिले आहे: प्रेषितांचे शिक्षण, एकमेकांचा सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना. यातले शिक्षण तुम्हाला मोबाईलवर मिळते, आणि प्रार्थना खोलीत बसून करता येते. उरलेल्या दोन गोष्टी मात्र समोर दुसरे माणूस असल्याशिवाय होतच नाहीत. पत्रांमधल्या आज्ञांचेही तसेच आहे. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा, असे प्रेषित पुन्हा पुन्हा सांगतात, आणि यातली एकही आज्ञा एकट्याला पाळता येत नाही. एकटा माणूस आज्ञा मोडतो असे मी म्हणत नाही. ती पाळण्याची संधीच त्याला मिळत नाही. क्षमा करावी लागेल असे कोणी आसपास नसेल, तर आपण मोठे क्षमाशील आहोत असे समजत आयुष्य सहज निघून जाते.

आता थोडा आपल्या भागाचा इतिहास. नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. त्याचे प्रकरण न्यायालयात गेले, मुलाला आईवडिलांच्या ताब्यात देण्यात आले, आणि मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणसमाजात मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना त्याचा त्रास सोसावा लागला. धाकटा भाऊ आपल्या माणसांत परतला. थोरला मात्र आयुष्यभरासाठी त्या पंक्तीतून उठला. हाच थोरला भाऊ पुढे निजामाच्या राज्यात आपल्या जालन्यास आला आणि सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी केली. तेथे आलेल्यांत बहुतेक जण गावकुसाबाहेरचे होते. स्वतः पंक्तीतून उठलेला ब्राह्मण, ज्यांना कोणत्याच पंक्तीत कधी स्थान नव्हते त्यांच्याबरोबर जेवायला बसला. त्या काळच्या माणसाने बाप्तिस्मा घेतला की नातेवाईक, पाणवठा, सोयरीक, मयताला येणारे खांदे, हे सारे एका दिवसात जात असे. अशा माणसाला 'संगत सोयीची आहे का' असे विचारले असते, तर त्याला प्रश्नच कळला नसता.

आणखी एक. पौलाइतका एकट्याने उभा राहू शकणारा माणूस नव्या करारात दुसरा दिसत नाही. त्याचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र शेवटून वाचा. देमास सोडून गेला, लूक मात्र जवळ आहे, मार्काला घेऊन ये, त्रोवसात कार्पाकडे ठेवलेला झगा आण, हिवाळ्यापूर्वी ये, असे तो तुरुंगातून लिहितो. ज्याच्यावरून बर्णबाशी कडाक्याचे भांडण होऊन दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या, तोच हा मार्क.

एकांतप्रिय

जालनेकरांच्या अभ्यासाविषयी आदर आहे, तरी मी दुसरी बाजू मांडतो. 'आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर', असे प्रभूनेच सांगितले आहे. तो स्वतः पहाटे उठून रानात एकटा जात असे. एलीया संदेष्ट्याला देवाची मंद वाणी ऐकू आली, ती होरेब डोंगरावर एकटा असताना. आणि ज्या संगतीचे आपण गोडवे गातो ती प्रत्यक्षात कशी आहे? माझ्या ओळखीच्या एका मंडळीत पंचकमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीवरून दोन तट पडले, कंपाउंडच्या जागेचा वाद कोर्टात गेला, आणि आज तेथे दोन वेगवेगळ्या वेळी दोन उपासना होतात. त्या वातावरणात बसून मन देवाकडे लागत नाही, उलट चिडचिड होते. घरी शांतपणे शास्त्र वाचणारा माणूस त्या भांडणात बसलेल्यांपेक्षा प्रभूच्या अधिक जवळ नसेल कशावरून?

ग्रंथपाल, परभणी

एकांतप्रिय यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण एलीयाचे उदाहरण त्यांनी अर्ध्यावर सोडले. 'मीच काय तो एकटा उरलो आहे' अशी एलीयाची तक्रार होती. त्यावर देवाने त्याला सांगितले, की बाल या परक्या देवतेपुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात शिल्लक आहेत. आणि लगेच अलीशाला सोबतीला घेण्यासाठी पाठवले. म्हणजे वाणी एकांतात ऐकू आली हे खरे, पण त्या वाणीने त्याला एकांतातून बाहेर काढले.

मंडळीच्या इतिहासात हा वाद फार जुना आहे. इजिप्तच्या वाळवंटात अंतोनी सुमारे वीस वर्षे एकांतात राहिले, तरी पुढे त्यांच्याभोवती शिष्य जमलेच. त्यानंतर चौथ्या शतकात पाखोमियस यांनी तेथेच सामुदायिक मठजीवनाला आकार दिला. या पाखोमियसची गोष्ट मला विशेष आवडते. सक्तीच्या लष्करभरतीत पकडलेला हा तरुण थेब्सजवळ कोंडला होता, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोक अनोळखी कैद्यांना जेवण घेऊन आले. हे कोण लोक आहेत, असे त्याने विचारले, आणि त्या जेवणातूनच तो ख्रिस्ताकडे वळला. त्याच शतकात कैसरियाच्या बासिल यांनी एकट्याने राहणाऱ्या संन्याशांपुढे असा प्रश्न ठेवला, की प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तुम्ही एकटे राहत असाल तर कोणाचे पाय धुणार? माझ्या मते या धाग्याच्या मूळ प्रश्नाला इतके नेमके उत्तर दुसरे नाही.

भांडणांविषयी. करिंथच्या मंडळीत तट होते, आपसातले खटले होते, आणि प्रभुभोजनाच्या (प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी एक जण उपाशी राहत असे तर दुसऱ्याला चढलेली असे. पौलाने त्यांना झोडपले, पण 'घरी बसा आणि आपापले वाचन करा' असे सांगितले नाही. 'एकमेकांसाठी थांबा' असे सांगितले.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. येथे बहुधा पुरुषच लिहीत आहेत, म्हणून एका बाईचा अनुभव मांडते. संगतीबद्दल बोलताना तिच्यातला धोका कोणी बोलून दाखवत नाही.

काही वर्षांपूर्वी घरातल्या एका अडचणीविषयी मी महिला मंडळाच्या बैठकीत प्रार्थनेची विनंती केली. पुढच्या रविवारपर्यंत ती अडचण माझ्या सासरच्या गावी पोहोचली होती, आणि तीही वाढवून. 'ताई, आम्ही प्रार्थना करतोय हं', असे ज्या बायका मला अडवून सांगत, त्यांच्या डोळ्यांत प्रार्थनेपेक्षा उत्सुकताच जास्त दिसे. त्यानंतर मी बराच काळ उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसत असे आणि आशीर्वाद झाला की कोणाशी न बोलता निघत असे.

मला सावरले ते माझ्याच वॉर्डातल्या एका वयस्क सिस्टरने. रात्रपाळी संपल्यावर, चार्ज देऊन झाला की आम्ही दोघी लिननच्या खोलीत दार ओढून घेत असू. तेथे चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून ती एक स्तोत्र वाचत असे; मग ती मला थेट विचारी, 'काल जे बोललीस त्याचे काय झाले?' कधी मी टाळाटाळ केली तर ती गप्प बसून राही, पण विषय बदलत नसे. तिने माझे बोलणे कोणाजवळही काढले नाही. याकोबाच्या पत्रात पातके एकमेकांजवळ कबूल करण्याविषयी जे लिहिले आहे ते अशा एका माणसाजवळ करायचे असते, साऱ्या सभेपुढे नव्हे, असे माझे ठाम मत झाले आहे. रागाच्या भरात जाऊबाईंशी मी बोलणे टाकले होते, आणि त्यासाठी माझ्याकडे शास्त्रातलीही कारणे तयार होती. मोबाईलवरच्या कोणत्याही प्रवचनकाराला ते कळले नसते. सिस्टरला माझ्या चेहऱ्यावरून कळले.

म्हणून धागाकर्त्यांना माझे सांगणे असे, की आधी मोठी सभा शोधू नका. ज्याच्यापाशी बोललेले तेथेच राहते असा एक विश्वासू शोधा.

छावणीतला कॅथलिक

रात्रपाळी यांनी सांगितलेली गोष्ट आमच्याकडे पापनिवेदनाच्या संस्कारात आहे. तेथे धर्मगुरूंना गुप्ततेचे कडक बंधन असते. पण केवळ संस्काराने संगत घडत नाही, हेही मान्य करतो. १९७७ साली आमचा औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा झाला. त्याची गावे इतकी विखुरलेली आहेत, की अनेक ठिकाणी फादर महिन्यातून एखाद्या वेळीच पोहोचतात. मधल्या काळात श्रद्धा टिकते ती घरोघरी होणाऱ्या जपमाळेवर, विशेषतः मे आणि ऑक्टोबरमध्ये. आज ह्यांच्या घरी, उद्या त्यांच्या घरी, आणि शेवटी चहा. त्या चहाला कमी लेखू नका.

कोपीतला

मी ऊसतोड कामगारांचा मुलगा. आता नोकरीला आहे, पण लहानपणी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्यावर जात असे. आमच्या टोळीत काही कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, ख्रिस्ती होते. बोर्ड लावलेले चर्च, पाळक, पेटी यांपैकी तेथे काहीच नव्हते, म्हणून धागाकर्त्यांची अडचण मला जवळची वाटते.

आठवड्यातून एका रात्री सगळे एका कोपीसमोर (झोपडीसमोर) जमत. वाचता येणारा माणूस एकच होता. तो बॅटरीच्या उजेडात शुभवर्तमानातला भाग वाचत असे आणि बाकीचे ऐकत. पाठ असलेले भजन होई. मग प्रत्येक जण थोडक्यात प्रार्थना करी, आणि ती बहुतेक पायाला लागलेल्या कोयत्याची, बैलाची, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची (आगाऊ पैशांची) असे. भरायला गाडी आली अशी हाळी आली, की प्रार्थना असेल तेथे 'आमेन' म्हणून थांबे आणि पुरुष मंडळी फडाकडे पळत. ती राहिलेली प्रार्थना दुसऱ्या दिवशी कोणी पूर्ण करत नसे, आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नसे.

एका हंगामात आई तापाने पडली.  जोडीतला एक पडला की दोघांची मजुरी जाते आणि उचल फिटत नाही. तेव्हा त्या प्रार्थनेतल्या इतर जोड्यांनी आपापले काम उरकून रोज आमच्या वाट्याच्या मोळ्या बांधून दिल्या. कोणी गाजावाजा केला नाही. गलतीकरांच्या पत्रात, एकमेकांची ओझी वाहा, असे म्हटल्यावर तीनच वचनांनी प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही लिहिले आहे. अनेकांना हा विरोधाभास वाटतो. मला तो कधी वाटला नाही, कारण त्या माणसांनी आधी स्वतःच्या मोळ्या बांधल्या आणि मग आमच्या.

एकांतप्रिय यांना एवढेच विचारतो: घरी बसून वाचणाऱ्याची मोळी कोण बांधतो?

वारकरी वाचक

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी पंढरीची वारी आहे. धागा आवडीने वाचतो आहे. संतांनीही सत्संगाला फार वरचे स्थान दिले आहे आणि दिंडीत चालताना त्याचा अनुभव येतो. आपल्या संगतीत आणि या सत्संगात काही मूलभूत फरक आपण मानता का?

जुना जालनेकर

चांगला प्रश्न आहे, आणि तो शेजाऱ्याने विचारला याचा आनंद वाटतो. साम्य पुष्कळ आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले ते याच मातीतून.

फरक मला असा दिसतो. सत्संग म्हणजे सज्जनांचा, संतांचा सहवास. त्यांच्या सान्निध्याने आपण सुधारतो. ख्रिस्ती मंडळीत मात्र शेजारी बसलेला माणूस संत असेलच असे नाही, आणि त्याला तुम्ही निवडलेलेही नसते. दोघांनाही प्रभूने बोलावले आहे, एवढेच त्यांच्यातले नाते. प्रभूच्या बारा शिष्यांत रोमच्या मांडलिक राजवटीत जकात गोळा करणारा मत्तय होता, आणि जिलोत (परकीय सत्तेच्या कट्टर विरोधकांना दिलेले नाव) म्हणवला जाणारा शिमोनही होता. त्यांनी एकमेकांना मित्र म्हणून कधीच निवडले नसते.

याच कसोटीवर आपण ख्रिस्ती लोक कमी पडतो, हे कबूल करायला हवे. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमेहून यहुदी माणसे आली तेव्हा तो मागे सरला, आणि पौलाने सर्वांसमोर त्याला तोंडावर दोष दिला. केवळ पंक्तीतून उठल्याबद्दल. आमच्याकडे प्रभुभोजनाचा प्याला एक असतो, पण सोयरीक ठरवताना आजोबांची जात अजून विचारली जाते. बेथेलच्या पंक्तीविषयी मी वर अभिमानाने लिहिले. मात्र त्या पंक्तीचे वारस म्हणवणारे आम्ही पौलाच्या नजरेस पडलो असतो, तर आमचेही तोंडावर नाव घेतले गेले असते.

एकांतप्रिय

कोपीतला यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण भांडणाऱ्या मंडळीत जाऊन बसणे हे उत्तर आहे, असे अजूनही वाटत नाही. रात्रपाळी यांनी सुचवलेला मार्ग मला मानवेल असे दिसते. बाकी ठिकाणी मी असहमत आहे, याची नोंद असावी.

बालाघाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एक गोष्ट मी सुरुवातीला लिहिली नव्हती. गावात ख्रिस्ती घर नाही हे कागदोपत्री खरे आहे. परंतु येथील पोस्टात काम करणारे एक गृहस्थ आणि वस्तीवरचे एक जोडपे प्रभूवर विश्वास ठेवतात. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. मुलांचे शिक्षण चालू आहे, त्यामुळे ते जाहीरपणे पुढे येण्यास कचरतात. अशा लोकांबरोबर बसणे म्हणजे संगत म्हणता येईल का? आणि मी तर पाळकही नाही.

ग्रंथपाल, परभणी

टिळकांचेच उदाहरण घ्या. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. यावर तेव्हाही आक्षेप निघाले. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे तो दरबार फार टिकला नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले तर मी त्यांच्यामध्ये आहे, असे प्रभूने म्हटले आहे. त्या वचनात पाळकाची अट नाही.

जुना जालनेकर

मी थोडा जुन्या वळणाचा आहे, म्हणून मर्यादाही सांगतो. वाचन, भजन, प्रार्थना, आजाऱ्याला भेटणे हे सर्व तुम्ही निःसंकोच करा. प्रभुभोजन मात्र मंडळीत आणि पाळकाच्या हातूनच घ्यावे. त्यासाठी महिन्यातून एक रविवार ठरवा, आदल्या शनिवारीच शहरात मुक्कामाला जा, आणि पाळकसाहेबांना वर्षातून दोनतीनदा तरी गावी येण्याची विनंती करा. बाप्तिस्म्याचा विषय तुम्ही काढू नका; ते लोक काढतील तेव्हा मोकळेपणाने बोला. तोवर त्यांच्या भीतीला अविश्वास म्हणू नका.

रात्रपाळी

आणि त्या तिघांचे नाव, गाव, खाते यांतले काहीही या धाग्यावर यापुढे लिहू नका, गुरुजी. पोस्टातले गृहस्थ एवढे लिहिलेत तेही संपादकांना सांगून काढून टाका. लहान गावात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

बालाघाट (धागाकर्ता)

ताई, संपादकांना लगेच कळवतो. गुरुवारी संध्याकाळी माझ्या खोलीवर जमायचे ठरले आहे. पहिल्या बैठकीला मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करीन. पेटी नाही आणि माझा आवाज फारसा बरा नाही, भजनाचे कसे करावे?

कोपीतला

टाळ असतील तर टाळांवर भागते, नसतील तर नुसत्या टाळीवर. फक्त पट्टी खाली धरा. पुरुषांनी वर उचलली की बायका गप्प होतात. आणि वस्तीवरच्या ताईंना एखादे ओवीच्या चालीतले येत असेल तर पहिले त्यांनाच म्हणू द्या.